कोळशाची वाघीण आणि धान्याची वाघीण
(रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काही जणांच्या मनात शंका आली असेल. वेतन आयोग, रिक्त पदे, कंत्राटीकरण, पेन्शन असे प्रश्न दाराशी उभे असताना ऊर्जा धोरण आणि हवामान बदल हे विषय युनियनच्या अभ्यासवर्गात कशासाठी? हे काम तज्ज्ञांचे आहे, फार तर सरकारचे आहे. आपण आपला महागाई भत्ता बघावा.

ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर महागाई भत्त्यातच सापडते, असे आम्हाला दाखवायचे आहे. आमचे म्हणणे थोडक्यात सांगतो. या देशात वीज कशी तयार करायची, खत कोणत्या वायूपासून बनवायचे, पेट्रोलमध्ये काय मिसळायचे आणि मालगाडीच्या वाघिणीत आधी काय भरायचे, हे ठरवताना देशाच्या ताटात काय पडणार हेही ठरत असते. हवामान बिघडू लागल्यापासून या दोन गोष्टींमधले अंतर फारच कमी झाले आहे. आणि ओढाताण झाली, की तिचा पहिला फटका विकत धान्य घेऊन खाणाऱ्याला आणि साध्या डब्यातून प्रवास करणाऱ्याला बसतो. म्हणजे आपल्याला बसतो.

जुना धडा

हा विचार आपल्या चळवळीला नवा नाही. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळून निघाला होता. रेशनवरचा परदेशी मिलो आणि दुष्काळी कामावरची सुकडी ज्यांनी खाल्ली, ती माणसे आजही आपल्या घराघरांत आहेत. त्यातून देश सावरतो न सावरतो तोच १९७३ च्या ऑक्टोबरात पश्चिम आशियात युद्ध पेटले आणि काही महिन्यांत खनिज तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. तेल महागले म्हणून खत महागले, वाहतूक महागली आणि धान्यही महागले. १९७४ साली महागाईचा दर वीस टक्क्यांच्या वर गेला.

त्याच वर्षी ८ मे रोजी रेल्वे कामगारांचा ऐतिहासिक संप सुरू झाला. वीस दिवस चाललेल्या त्या संपाच्या मागण्यांत बोनस होता, वेतनातील समानता होती, कॅज्युअल कामगारांना कायम करण्याची मागणी होती. या मागण्या आपल्याला पाठ आहेत. परंतु त्या यादीत आणखी एक मागणी होती, ती पुष्कळांच्या विस्मरणात गेली आहे. रेल्वे कामगारांना पुरेसे आणि सवलतीच्या दरात धान्य व इतर जीवनावश्यक वस्तू मिळाल्या पाहिजेत, अशी ती मागणी होती. तेलाचा भाव आणि ताटातली भाकरी यांचा संबंध त्या पिढीला कोणी पुस्तकातून शिकवला नव्हता. पगाराच्या पाकिटाने तो शिकवला होता.

२०२२ चा उन्हाळा

आता अलीकडचे उदाहरण घेऊ. २०२२ सालचा मार्च महिना हा १९०१ पासून नोंदी ठेवल्या जात आहेत तेव्हापासूनचा देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. पंजाब, हरयाणा, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश या पट्ट्यात मार्च हा गव्हाचा दाणा भरण्याचा काळ असतो. थंडी हळूहळू ओसरली, की दाणा टपोरा होतो. एकाएकी ऊन चढले, की पीक वेळेआधी पिकते आणि दाणा चिमतो. त्या वर्षी तसेच झाले. चिमलेल्या दाण्याचे प्रमाण इतके वाढले, की पंजाब-हरयाणात खरेदीचे निकष सैल करून असा दाणा १८ टक्क्यांपर्यंत असला तरी गहू भाव न कापता घेण्याची परवानगी केंद्राला द्यावी लागली. एरवी ही मर्यादा ६ टक्के असते.

फेब्रुवारी महिन्यात सरकारी अंदाज होता, की गव्हाचे उत्पादन ११ कोटी १३ लाख टन होईल. मे महिन्यात तोच अंदाज १० कोटी ६४ लाख टनांवर आला. त्यातच २४ फेब्रुवारीला युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाले होते. जगाच्या बाजारात गहू महाग झाला होता आणि खासगी व्यापारी हमीभावापेक्षा जास्त भाव देऊन गहू उचलत होते. शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळाले, याचा आपल्याला आनंदच आहे. परंतु आदल्या हंगामात ४३३ लाख टन असलेली सरकारी खरेदी त्या हंगामात सुमारे १८८ लाख टनांवर घसरली. १३ मे रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. मोफत धान्य योजनेतला गहू काही राज्यांत बंद करून, तर महाराष्ट्रासह काही राज्यांत कमी करून, त्याऐवजी तांदूळ देण्यात आला. रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला 'या महिन्यात गहू कमी आहे' एवढेच सांगितले गेले. मार्चमधल्या उन्हाने तिचा गहू नेला, हे तिला कोण सांगणार?

हे झाले शेतातले. आता त्याच उन्हाने रुळांवर काय केले ते पाहू. उष्णता वाढली तशी पंखे, कूलर, वातानुकूलन यंत्रे आणि शेतीपंप यांच्यासाठी विजेची मागणी वाढली. २९ एप्रिल २०२२ रोजी देशाची कमाल मागणी २ लाख ७ हजार मेगावॅटपर्यंत गेली. औष्णिक केंद्रांजवळचे कोळशाचे साठे खाली गेले होते. कोळशाचे रेक लवकर पोचावेत म्हणून रेल्वेने प्रवासी गाड्यांच्या सहाशेहून अधिक फेऱ्या रद्द केल्या. दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत, म्हणजे बिलासपूर, रायपूर आणि आपल्या नागपूर विभागात, याची झळ जास्त बसली. लग्नसराईचे आणि सुट्टीचे दिवस होते. रद्द झालेल्या गाड्यांत मेल-एक्सप्रेस होत्या तशाच साध्या पॅसेंजरही होत्या. मजूर, विद्यार्थी, भाजी विकायला जाणाऱ्या बायका ज्या गाडीने जातात, त्याच या गाड्या.

एकाच उन्हाळ्यात, एकाच उष्णतेने गहू आखडला आणि गाड्याही रद्द केल्या. यात रेल्वे कर्मचाऱ्यांची चूक नव्हती. गार्ड, लोको पायलट, कंट्रोलर, पॉइंट्समन यांनी त्या दिवसांत कोळसा वेळेवर पोचावा म्हणून किती तासांच्या ड्यूट्या केल्या, हे आपण जाणतोच. दोष होता तो नियोजनाचा. पावसाळ्यापूर्वी आणि उन्हाळ्यापूर्वी कोळशाचा पुरेसा साठा करून ठेवायचा, हा नियम कागदावर होता. तो पाळला गेला असता, तर शेवटच्या आठवड्यात धावाधाव करण्याची वेळ आली नसती. मागणी तर त्यानंतरही वाढतच आहे. ३० मे २०२४ रोजी ती २ लाख ५० हजार मेगावॅटपर्यंत पोचली.

येथे एक साधा हिशेब मांडू. बेचाळीस वाघिणींच्या एका रेकमध्ये सुमारे २६०० टन धान्य मावते. अन्न सुरक्षा कायदा २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबातील माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळायचे असते. म्हणजे धान्याचा एक रेक हा ५ लाख २० हजार माणसांचा महिन्याचा शिधा आहे. असा एक रेक लूप लाइनला चार दिवस उभा राहिला, तर एका मोठ्या तालुक्याचे नव्हे, जवळपास एका लहान जिल्ह्याचे रेशन लांबते. रेल्वेच्या एकूण मालवाहतुकीत जवळजवळ निम्मा वाटा कोळशाचा आहे. धान्य, खत आणि कोळसा एकाच रुळावरून जातात. रूळ तेवढेच, इंजिने तेवढीच, माणसे तर कमी होत चाललेली. अशा वेळी पुढे कोणाला सोडायचे, हा निर्णय वाहतूक शाखेच्या टेबलावर होत असला, तरी त्याचे मूळ ऊर्जा धोरणात असते.

खताचे पोते आणि परदेशी वायू

दुसरा मुद्दा खताचा. युरिया हे आपल्या शेतीतले सर्वांत जास्त वापरले जाणारे खत. हवेतील नत्र आणि नैसर्गिक वायूतील हायड्रोजन यांच्यापासून अमोनिया बनतो आणि अमोनियापासून युरिया. युरियाच्या उत्पादन खर्चात सर्वांत मोठा भाग या वायूचाच असतो. आपल्याकडे हा वायू पुरेसा निघत नाही. तो द्रवरूपात जहाजांनी आणावा लागतो. म्हणजे आपला गहू, तांदूळ आणि ऊस परदेशी वायूवर उभा आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

२०२२ च्या युद्धाने वायूचे भाव भडकले. शेतकऱ्याला ४५ किलोचे युरियाचे पोते कडुनिंबाच्या लेपाचा खर्च व कर सोडून २४२ रुपयांनाच मिळत राहिले, ही चांगलीच गोष्ट झाली. मधला फरक सरकारी तिजोरीने सोसला. २०२२-२३ या एका वर्षात खतांच्या अनुदानाचा खर्च सुमारे २ लाख ५१ हजार कोटी रुपयांवर गेला. हे अनुदान बंद करा, असे सांगणारे अर्थपंडित १९९१ पासून आपल्या कानी-कपाळी ओरडत आहेत. त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. अनुदान काढून घेतले, तर लहान शेतकरी मोडेल आणि धान्य महागेल. परंतु या पैशाचा मोठा भाग परदेशी वायूच्या बिलात जातो, हेही डोळ्यांआड करून चालणार नाही. तेवढ्याच निर्धाराने शेणखत, कंपोस्ट, डाळींची फेरपालट आणि सौर-पवन विजेवर बनणारा अमोनिया यांच्यावर खर्च झाला असता, तर पुढच्या युद्धात आपला शेतकरी इतका परावलंबी राहिला नसता. डाळवर्गीय पिके जमिनीत नत्र धरून ठेवतात, हे तुरीचे पीक घेणाऱ्या आपल्या आजोबांना ठाऊक होते.

पाणी, पंप आणि परळी

तिसरा मुद्दा पाण्याचा. देशातील ओलिताखालच्या क्षेत्रापैकी निम्म्याहून अधिक क्षेत्र विहिरी आणि कूपनलिकांवर भिजते. पाणी उपसायला वीज लागते. आणि औष्णिक वीज तयार करायला पुन्हा पाणी लागते. या चक्राचा अर्थ मराठवाड्याइतका दुसऱ्या कोणाला कळला नसेल. २०१३ च्या दुष्काळात आणि पुन्हा २०१५ मध्ये परळीच्या औष्णिक केंद्राचे संच पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. त्यानंतर २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी न्यावी लागली. पहिल्या खेपेत दहा वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी गेले, नंतर पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. ती गाडी भरणारे, चालवणारे आणि लातूरला रिकामी करणारे हात आपल्याच रेल्वे कामगारांचे होते. त्या कामाबद्दल देशाने त्यांचे कौतुक केले. परंतु ज्या जिल्ह्याला प्यायला पाणी रेल्वेने आणावे लागते, त्या भागात उसाला प्रतिष्ठा आणि ज्वारी-तुरीला दुय्यम स्थान का, हा प्रश्न कौतुकात विरून गेला.

शेतकऱ्याला रात्रीची वीज देण्याची पद्धतही याच नियोजनाचा भाग आहे. दिवसा वीज कारखान्यांना आणि शहरांना हवी, म्हणून शेतीचा थ्री फेज पुरवठा पाळीपाळीने रात्री दिला जातो. साप, विंचू, बिबट्या यांची भीती मनात घेऊन माणूस मध्यरात्री दारे धरायला जातो. सूर्याची वीज मात्र दिवसाच तयार होते आणि पिकाला पाणीही दिवसा देता येते. हे दोन्ही जुळवण्याचा मार्ग म्हणजे शेतीचे फीडर सौर विजेवर नेणे. महाराष्ट्रात २०१७ पासून तशी योजना आहे, २०१९ पासून केंद्राचीही योजना आहे. ती गावोगावी लवकर पूर्ण व्हावी, अशी मागणी करण्यात शेतकरी संघटनांच्या बरोबरीने आपणही उभे राहिले पाहिजे. मात्र एक सावधगिरी हवी. फुकट वीज मिळाली म्हणून बारमाही उपसा सुरू झाला, तर विहिरीच कोरड्या पडतील. पंजाबात फुकट विजेबरोबर भात पसरला आणि भूजल खाली खाली गेले, हा अनुभव समोर आहे. म्हणून दिवसाची वीज आणि कमी पाण्याच्या पिकाला खात्रीचा भाव, या दोन मागण्या एकत्रच केल्या पाहिजेत.

टाकीत धान्य की ताटात?

चौथा मुद्दा आजच्या घडीला सर्वांत महत्त्वाचा आहे. तेलाची आयात कमी करावी म्हणून पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे धोरण आले. वीस टक्के मिश्रणाचे जे उद्दिष्ट पूर्वी २०३० साठी होते, ते अलीकडे ओढून २०२५ मध्येच गाठण्यात आले. परकीय चलन वाचते, साखर कारखान्यांकडे पैसा येतो आणि ऊस उत्पादकाची थकबाकी लवकर मिळते, हे फायदे खरे आहेत. महाराष्ट्रातला कोणताही कामगार ऊस उत्पादकाच्या विरोधात उभा राहू शकत नाही. त्यांच्यातलेच आपण आहोत.

परंतु इथेनॉल पूर्वी मुख्यतः उसाच्या मळीपासून होत असे. आता त्यासाठी उसाचा रस, मका आणि तांदूळही लागतो. आणि तेथेच हवामानाची गाठ पडते. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. महाराष्ट्र-कर्नाटकातला ऊस वाळला. साखर कमी पडेल या भीतीने ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास बंदीचा आदेश निघाला आणि आठवडाभरात तो सैल करावा लागला. त्याच वर्षी जुलैमध्ये अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलसाठी देणे थांबवण्यात आले होते आणि बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यातही बंद झाली होती. जूनमध्ये तर राज्य सरकारांना खुल्या बाजार योजनेतून तांदूळ विकणेही थांबवले गेले. कर्नाटक सरकार पैसे मोजायला तयार असताना तांदूळ मिळाला नाही, म्हणून तेथे लोकांना तांदळाऐवजी किलोमागे ३४ रुपये रोख द्यावे लागले.

त्यानंतर पाऊस बरा झाला, गोदामे भरली आणि काटा दुसऱ्या टोकाला गेला. २०२४-२५ च्या इथेनॉल वर्षासाठी अन्न महामंडळाचा ५२ लाख टन तांदूळ मंजूर झाला. भाव क्विंटलला २२५० रुपये, म्हणजे किलोला साडेबावीस रुपये. राज्य सरकारांनाही त्या वेळी त्याच भावाने तांदूळ देऊ केला होता, हेही सांगितले पाहिजे. खरेदी, वाहतूक, साठवण धरून महामंडळाला तो तांदूळ किलोमागे चाळीस रुपयांच्या आसपास पडतो. ५२ लाख टन म्हणजे आपल्या हिशेबाने दोन हजार रेक. माणशी वर्षाला ६० किलो धरले, तर साडेआठ कोटींहून अधिक माणसांचा वर्षाचा शिधा. मक्याचे तर असे झाले, की जो मका आपण निर्यात करत होतो, तो २०२४ मध्ये परदेशातून आणावा लागला. मका हे कोंबड्यांचे मुख्य खाद्य. म्हणजे मका महागला, की अंडेही महागते.

यावर सरकारी उत्तर असे असते, की गोदामात तांदूळ सडवण्यापेक्षा त्याचे इंधन केलेले काय वाईट? प्रश्न बिनतोड वाटतो, पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला आहे. धान्य शिल्लक आहे, हे कोणत्या मोजमापाने ठरवले? अन्न सुरक्षा कायद्यात ग्रामीण भागातील ७५ टक्के आणि शहरी भागातील ५० टक्के लोक धरले आहेत आणि ही संख्या २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. मधल्या काळात जन्मलेली मुले, लग्न होऊन आलेल्या सुना, शहरात कामाला आलेली कुटुंबे कोटा भरल्यामुळे यादीबाहेर राहिली. हे आपल्या टपाल बांधवांना सांगायला नको. गावात कोणाच्या घरी कार्ड आहे, कोणाचे नाव गळले आहे, कोणती म्हातारी अंगठा उमटत नाही म्हणून दुकानातून परत आली, हे ग्रामीण डाक सेवकाइतके कोणाला ठाऊक असते? आधी यादी पुरी करा, मग शिल्लक मोजा, एवढेच आपले म्हणणे आहे.

किंमत कोण मोजतो

आता महागाई भत्त्याकडे येऊ. आपला भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर ठरतो. २००१ च्या मालिकेत या निर्देशांकात अन्न व पेये यांचे वजन ४६.२० टक्के होते. २०१६ च्या नव्या मालिकेत ते ३९.१७ टक्के झाले. लोक आता इतर गोष्टींवर जास्त खर्च करतात, असे त्याचे स्पष्टीकरण आहे आणि सरासरीचा विचार करता ते खरेही असेल. परंतु गँगमन, पोस्टमन, एमटीएस यांच्या घरातला महिन्याचा खर्च सरासरीसारखा नसतो. गहू, डाळ, तेल, भाजी यांचे भाव भडकतात तेव्हा ज्याच्या पगाराचा मोठा भाग अन्नावर जातो, त्याची भरपाई या निर्देशांकातून पूर्ण होत नाही. शिवाय भत्ता बारा महिन्यांच्या सरासरीवर, वर्षातून दोनदा आणि उशिरा मिळतो. किराणा दुकानदार मात्र आजचाच भाव घेतो. आणि भत्ता हा कायम मिळेलच असा भ्रमही नको. जानेवारी २०२० पासूनचे तीन हप्ते गोठवले गेले होते, ते आपण विसरलेलो नाही.

कंत्राटी सफाई कामगार, माल धक्क्यावरचे हमाल, पार्सल ऑफिसातली रोजंदारीची मुले यांची स्थिती तर याहून कठीण. किमान वेतनात वर्षातून दोनदा बदलता महागाई भत्ता धरलेला असतो. ठेकेदाराकडून तो किती जणांच्या हाती पडतो, हे आपण रोज पाहतो. धान्याची पोती वाहणारा माणूसच धान्य महागल्यावर आधी उपाशी राहतो, ही या व्यवस्थेची खरी कसोटी आहे.

याशिवाय उन्हाचा थेट भार आहेच. रूळ हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. लांब जोडलेला रूळ वाकू नये म्हणून भर दुपारी उन्हाळी गस्त घालणारा कीमन आणि ट्रॅक मेंटेनर, वाघिणीच्या पत्र्याखाली पोती उतरवणारा हमाल, सायकलीवरून वाडी-वस्ती गाठणारा डाक सेवक यांच्या कामाच्या वेळा अजून जुन्याच हवामानासाठी आखलेल्या आहेत.

मग आपण काय मागावे?

मित्रहो, कोणी असा अर्थ काढू नये, की आम्ही कोळशाच्या विरोधात बोलत आहोत. देशात तयार होणाऱ्या विजेचा मोठा हिस्सा आजही कोळशाचाच आहे. आपली विजेची इंजिनेही शेवटी त्यावरच चालतात. चंद्रपूर, वणी, उमरेडच्या खाणींतला कामगार आपला भाऊ आहे. कोळशाचा वाटा कमी होत जाणार, तो झालाही पाहिजे, कारण कोळशाचा धूर हवा तापवतो आणि तापलेली हवा गहू वाळवते. परंतु तो कमी करताना खाण कामगाराला वाऱ्यावर सोडता कामा नये. त्याच्या पुढच्या रोजगाराची तरतूद आधी, खाणीला टाळे नंतर, हीच आपली भूमिका राहील.

आमच्या मते पुढील मागण्या शाखाशाखांतून ठरावाच्या रूपाने वर गेल्या पाहिजेत.

१. औष्णिक केंद्रांवर उन्हाळ्यापूर्वी ठरलेला कोळशाचा साठा ठेवण्याची जबाबदारी निश्चित करावी. टंचाईच्या काळात धान्य, खत व साध्या प्रवासी गाड्या यांना किती वाव ठेवणार, हे आधीच जाहीर करावे.

२. रेशनची यादी नव्या लोकसंख्येप्रमाणे पूर्ण होईपर्यंत सरकारी गोदामातले अन्नधान्य इंधनासाठी देऊ नये. पाऊस कमी झाल्यास इथेनॉलचे उद्दिष्ट आपोआप खाली येईल, असा नियम करावा.

३. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि डाळी यांची हमीभावाने प्रत्यक्ष खरेदी करून त्या रेशनवर द्याव्यात. या पिकांना पाणी कमी लागते, ऊनही ती गव्हा-भातापेक्षा जास्त सोसतात.

४. शेतीला दिवसा वीज मिळावी आणि सौर फीडरची कामे सार्वजनिक वीज कंपन्यांमार्फत, कायम कर्मचारी नेमून पूर्ण करावीत.

५. महागाई भत्त्याच्या निर्देशांकात कमी वेतन गटाचा खरा अन्नखर्च धरला जावा.

६. उष्णतेच्या लाटेत रूळ, माल धक्का व टपाल वाटप यांवरील कामाच्या वेळा बदलाव्यात. पाणी, सावली व विश्रांतीची सोय कायम आणि कंत्राटी अशा दोघांनाही मिळावी.

मागण्या करून थांबता येणार नाही. आपल्याजवळ एक शक्ती आहे, ती दुसऱ्या कोणत्याही संघटनेजवळ नाही. देशाचे धान्य, खत आणि कोळसा आपल्या हातांखालून जातो आणि देशाचे प्रत्येक गाव आपल्या टपालाच्या पिशवीला ओळखते. कार्यालयीन गुप्ततेचा भंग न करता प्रत्येक शाखेने एक साधी वही ठेवावी. आपल्या स्टेशनवरून यंदा कोणत्या प्रवासी गाड्या किती दिवस रद्द झाल्या, आपल्या वस्तीत रेशन किती तारखेला आले आणि किती आले, उन्हाने किती सहकारी आजारी पडले, एवढेच त्यात लिहावे. वर्षभराने अशा शंभर वह्या एकत्र आल्या, तर कोणत्याही मंत्रालयासमोर ठेवता येईल असा पुरावा आपल्या हाती असेल. आकडे मांडणाऱ्या युनियनला हुसकावून लावणे अवघड असते.

शेवटी एवढेच सांगतो. विजेच्या बैठकीत वीज कंपन्या बसतात, तेलाच्या बैठकीत तेल कंपन्या बसतात, इथेनॉलच्या बैठकीत कारखानदार बसतात. ज्याला ते धान्य खायचे आहे आणि ज्याला ते वाहून न्यायचे आहे, त्याला त्या बैठकीत खुर्ची नाही. १९७४ च्या कामगारांनी आपल्या मागणीपत्रात धान्याला जागा दिली होती. ती जागा पुन्हा भरून काढणे हे आपले काम आहे. हा विषय आपापल्या शाखेच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!